हौशी मंडळींचा अल्बम

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. साहेबांच्या पंक्तीला तेथे भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. रसायन लावलेल्या ओल्या काचेवर चित्र घ्यायचे, ती वाळण्याआधी अंधारात धुवायची. एवढी यातायात केवळ हौसेपायी! १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या जोडीने या मंडळींचा अल्बम दरमहा काढला. अंकाला तीन चित्रे, हाताने चिकटवलेली. मित्रामित्रांतले हे दाखवणे मला मोठे लोभस वाटते.

खटकते ते पुढचे. याच विल्यम जॉन्सनने १८६३च्या ग्रंथात टिपलेली माणसे कापून निराळ्याच देखाव्यांवर बसवली, आणि खाली घातले ते जातिजमातीचे नाव. दरवर्षी वर्गाच्या फोटोमागे मुलांची नावे लिहिताना मला ते निनावी चेहरे हटकून आठवतात.