पळणाऱ्याच्या पाठीवर वार: स्वसंरक्षण कुठे संपतं?

भिलाईच्या कुरुदमधून बोलतोय. प्रतापगडावरच्या भागानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला: खान जखमी होऊन पालखीतून निघाला होता, मग त्याचं डोकं कापणं हे स्वसंरक्षण कसं? प्रश्न योग्य आहे. टाळणार नाही.

१० नोव्हेंबर १६५९. सभासदाच्या बखरीप्रमाणे भेटीत खानाने महाराजांची मान बगलेत दाबली आणि वार केला. अंगात चिलखत होतं म्हणून महाराज वाचले. मग वाघनखं आणि बिचवा चालला. इथपर्यंत जगातला कोणताही कायदा लावा, हे स्वसंरक्षणच आहे. पुढे भोयांनी खानाला पालखीत घातलं. संभाजी कावजीने भोयांचे पाय तोडले आणि खानाचं डोकं कापलं. या दुसऱ्या भागाला मी स्वसंरक्षण म्हणत नाही. ते युद्ध होतं.

फरक समजून घ्या. खान हा कुणी वाटमाऱ्या नव्हता, आदिलशाहीचा सेनापती होता आणि त्याची फौज खाली तळ देऊन बसली होती. युद्धात माघार म्हणजे शरणागती नव्हे. मागे गेलेला शत्रू पुन्हा जमतो, म्हणून पाठलाग हा लढाईचाच भाग असतो. आम्हालाही तेच शिकवलं. शस्त्र खाली ठेवलं, किंवा जखमेमुळे लढणं अशक्य झालं, की मात्र हात आवरायचा. १९४९ च्या जिनिव्हा करारांतही हे बंधन लेखी आहे. १६५९ मध्ये असा करार नव्हता, तरी तोंडी तृण धरून शरण आलेल्यांना जीवदान दिल्याचं सभासद सांगतो.

पण तुम्ही-आम्ही गल्लीत राहतो, रणांगणावर नाही. गल्लीचा नियम वेगळा आहे आणि तो दोन खटल्यांतून छान समजतो.

पहिला आमच्या जुन्या प्रांतातला. १९५० साली कटनी आणि दुर्ग दोन्ही नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. कटनीत दंगल झाली. शेजारचं भावाचं दुकान लुटलं गेलं होतं आणि जमाव अमजद खानच्या दारावर लाठ्या मारत होता. आत घरची माणसं होती. त्याने दोन गोळ्या झाडल्या, एक माणूस मेला. नागपूर हायकोर्टाने शिक्षा कायम केली, १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. निकाल लिहिणारे विवियन बोस पूर्वी नागपूरचेच मुख्य न्यायाधीश होते. त्यांचं म्हणणं असं की दार तुटण्याची वाट पाहत बसायची गरज नाही, आणि अशा क्षणीचं वागणं सोनाराच्या काट्यावर तोलायचं नसतं.

दुसरा खटला जयदेवचा, त्या वेळच्या पंजाबातला. शेतजमिनीचा वाद होता. गावकरी चालून आले, इकडून गोळी सुटली, एक पडला आणि बाकीचे पळत सुटले. पण बंदुका थांबल्या नाहीत. पळणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. १९६२ मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाने, स्पष्ट केलं: सुरुवातीला हक्क होता, पण समोरचे पळू लागले तेव्हा भीती संपली आणि हक्कही संपला.

म्हणजे हक्क भीतीइतकाच जगतो. जुन्या दंडसंहितेत हे कलम १०२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ४०. मालमत्तेसाठी कलम ४३ आहे. चोर माल घेऊन पळत असेल, तर तो निसटेपर्यंत, पोलिसांची मदत येईपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत हक्क चालू राहतो. तोही गरजेपुरत्या बळाचाच. त्याने माल टाकला आणि पळाला, तर संपला.

हे सगळं आज का सांगतोय? गेल्या पावसाळ्यात पहाटे आमच्या गल्लीत पाण्याची मोटर चोरताना एक पोरगा सापडला. मोटर टाकून तो पळाला. शेजारचा तरुण लाठी घेऊन मागे धावला आणि तळ्याजवळ त्याने त्याला गाठलं. मी धापा टाकत पोचलो तेव्हा चोर चिखलात पालथा, हात डोक्यावर, आणि लाठी वर उचललेली. मी ओरडलो, "बेटा, थांब! मोटर घरी आहे."

लाठी खाली आली, पण अंगावर नाही. नंतर त्याने विचारलं, "अंकल, मग पकडायचंही नाही का?" पकडायचं ना. समोर दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूसही पकडू शकतो; नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तेच सांगतं. विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. धावणं कायदेशीर होतं. पडलेल्यावरचा पहिला फटका गुन्हा ठरला असता, आणि तो वर्मी बसला असता तर एका मोटरीपायी दोन घरं बुडाली असती.

पाठलाग करताना आपण मागून धावत असतो, म्हणून समोरच्याचा चेहरा दिसत नाही, फक्त पाठ दिसते. पाठ दिसली की एक प्रश्न स्वतःला विचारा: आता मला नेमकी कशाची भीती आहे? उत्तर सापडलं नाही, तर लाठी खाली.

पुढच्या भागात पावनखिंड. तिथे पाठलाग दुसऱ्या बाजूने पाहू. जय हिंद.