सरोवरांचा मुलूख आपलाही आहे

गेल्या महिन्यात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाच्याने फोटो पाठवले. डोंगर, धुके, मधोमध निळेशार तळे आणि काठाने जाणारा अरुंद रस्ता. तो आणि त्याची बायको चार दिवस गाडीने 'लेक डिस्ट्रिक्ट' फिरून आले होते. घाई नाही, गर्दी नाही. वाटेल तिथे थांबायचे, चहा प्यायचा, पुढे निघायचे. बायकोने फोटो दोनदा पाहिले आणि म्हणाली, "आपण दोघं असं कधी गेलो नाही हो."

खरे आहे. लग्नाला तीस वर्षे झाली. दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी, मयतीसाठी गेलो. नुसते फिरायला म्हणून कधी गेलो नाही. इंग्लंड परवडणार नाही हे सांगायची गरज नव्हती. पण मनोरला राहणाऱ्या माणसाने तळी पाहायला इंग्लंडला का जावे? आपल्या पाठीमागेच वैतरणेचे खोरे आहे. मी पालघर, ठाणे आणि नाशिकचा नकाशा काढून बसलो आणि तीन दिवसांचा बेत आखला.

पहिला दिवस : मनोरहून वाडा, कुडूस, अंबाडी आणि वज्रेश्वरीच्या बाजूने तानसा. मुक्काम शहापूरला. दुसरा दिवस : आटगावकडून मोडकसागर, मग कसारा, विहीगाव, खोडाळा. त्याच टापूत मध्य वैतरणा आणि पुढे अप्पर वैतरणा. रात्री जव्हार. तिसरा दिवस : जव्हारहून सूर्या नदीवरचे धामणी धरण, कासा, चारोटी आणि महामार्गाने परत घरी. पाऊस ओसरल्यावर, तळी भरलेली आणि डोंगर अजून हिरवे असताना निघायचे. रोज चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तासाभराने थांबायचे.

बेत आखताना लक्षात आले की या यादीतले एकही तळे निसर्गाने केलेले नाही. सगळी धरणे आहेत. आणि धामणी सोडले तर सगळी मुंबईची तहान भागवण्यासाठी कामाला लागली आहेत.

धरणे येण्याआधी मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक ही आज नुसती नावे उरली आहेत; तिथे कधी खरेच पाणी होते. काळबादेवीजवळची जामा मशीद १८०२ मध्ये पूर्ण झाली, तीही एका जुन्या तलावावरच उभी आहे. आजही आत गेले की तो हौद दिसतो. पण शहर वाढले, गिरण्या आल्या, आणि विहिरी पुरेनाशा झाल्या. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. १८७९ मध्ये तुळशी झाला. तरी भागेना, तेव्हा शहराने बेटाबाहेर, थेट शहापूरच्या जंगलात हात घातला. १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते तानसाचे उद्घाटन झाले. पावणेतीन किलोमीटरहून लांब असा दगडी बांध आणि तिथून मुंबईपर्यंत नळ. पंप नाही, पाणी आपल्या उताराने धावत जाते.

गंमत पाहा. ज्या लेक डिस्ट्रिक्टचे फोटो भाच्याने पाठवले, तिथेही त्याच काळात हेच घडत होते. मँचेस्टर शहराला पाणी हवे होते. कापडगिरण्यांचे शहर, मुंबईचे थोरले भावंडच म्हणा. त्यांनी थर्लमिअर नावाच्या तळ्यावर डोळा ठेवला. तिथे गदारोळ उठला. बचाव समिती निघाली. जॉन रस्किनसारखा मोठा लेखक विरोधात बोलला. रॉन्स्ले नावाचे पाद्री लढले. तरीही १८७९ मध्ये कायदा झाला, बांध बांधला गेला, काठची घरे बुडाली आणि १८९४ मध्ये, म्हणजे तानसानंतर दोनच वर्षांनी, सुमारे दीडशे किलोमीटरच्या जलवाहिनीतून पाणी मँचेस्टरला पोहोचले. विरोध हरला, पण वाया गेला नाही. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या संस्थापकांत तेच रॉन्स्ले होते. आज भाचा ज्या काठांवर मोकळेपणाने फिरला, त्यातले बरेच काठ या संस्थेने राखले आहेत.

तिथे तळे जाणार म्हटल्यावर पुस्तके लिहिणारी माणसे उभी राहिली. तानसाच्या खोऱ्यात तेव्हा वारली, ठाकूर, कातकरी राहत होते. त्यांच्यात लिहिणारे कोणी नव्हते. बांधाची लांबी, उंची, नळाचा व्यास, सगळे कागदावर आहे. तो रान सोडून जाणारा माणूस त्या दिवशी काय म्हणाला असेल, त्यासाठी कागदावर जागा ठेवलेली नव्हती. इतिहास लिहिताना आपण या रिकाम्या जागेची दखल क्वचितच घेतो.

पुढचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. १९५७ मध्ये वैतरणेवरचे धरण पुरे झाले. त्यालाच पुढे अभियंता एन. व्ही. मोडक यांच्यावरून मोडकसागर नाव मिळाले. हे तेच मोडक, ज्यांनी अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा केला. १९७३ मध्ये अप्पर वैतरणा आले. मग भातसा. २०१४ मध्ये १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा जन्मला तेव्हा त्याच्या नदीचे बरेचसे पाणी आधीच वाटून झाले होते. आता वाड्यात गारगाई आणि त्यापुढे पिंजाळ यांचीही आखणी झालेली आहे.

सूर्येची गोष्ट आणखी जवळची. धामणीचे धरण आदिवासी भागाच्या शेतीसाठी म्हणून बांधले. नंतर त्याच पाण्यावर तारापूरची औद्योगिक वसाहत, बोईसर, पालघर अवलंबून राहू लागले. पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना झाली. कालव्याचे काय, हा प्रश्न विचारत शेतकरी रस्त्यावर उतरले. शहराची तहान खोटी नाही. पण मोखाड्यात दर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि डोंगरापलीकडे जलाशय चमकत असतो, हेही खोटे नाही.

जव्हारचा मुक्काम मी मुद्दाम ठेवला. हे मुकण्यांचे संस्थान, कोळी राजांचे. गॅझेटियर सांगते की १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने इथल्या शासकाला मान्यता दिली आणि 'राजा' हा किताब दिला. तोच नेमशहा. डोंगरातला कोळी राजा आणि दिल्लीचा सुलतान यांचा संबंध फक्त तलवारीचाच असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी जव्हारला एकदा यावे. पण याच जव्हारमध्ये १९९२ च्या सुमारास वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली, हेही तिथे उभे राहून आठवायला हवे.

एवढे सगळे मी बायकोला वाचून दाखवले. वाटले, कंटाळेल. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मदनपुऱ्याच्या चाळीत आपण जे भरत होतो, ते इथलं पाणी?"

लग्नानंतरची पहिली बारा वर्षे आम्ही तिथे काढली. पहाटे चारला नळ यायचा, पाऊण तास. माझी झोप मोडायला नको म्हणून ती एकटीच हंडे भरायची, तीन जिने चढून. मी फजरला उठलो की वजूचे पाणी भरलेले असे. ते कुठून आले हे मी कधी विचारले नाही. तानसाच्या बांधापर्यंत तर सोडाच, तळमजल्याच्या नळापर्यंतही माझा विचार गेला नव्हता. आता गुडघे दुखतात ते काही वयानेच नव्हे.

खोऱ्यातल्या माणसाचे म्हणणे कागदावर नाही, म्हणून मी वर तक्रार केली. माझ्याच घरातले म्हणणे मी तीस वर्षांत लिहून घेतले नव्हते.

बेत थोडा बदलला आहे. तानसा आणि मोडकसागरला आत जायला परवानगी लागते, ती मिळाली तर ठीक, नाहीतर बाहेरूनच पाहू. मुक्काम कुठे, जेवण कुठे, हे ती ठरवणार. खोडाळ्याच्या पुढे एखाद्या पाड्यावर थांबून पाणी मागायचे आणि तिथल्या बाईला विचारायचे की ते किती लांबून आणले, असे तिने सांगितले आहे. विचारणार ती, लिहून घेणार मी.

दिवाळीनंतरच्या सोमवारी निघतोय.