घरात आणलेला समुद्र

मंडळी, कोकणातले मिठागर तुम्ही पाहिले असेल. नसेल तर ऐकून तरी ठाऊक असेल. भरतीचे पाणी वाफ्यांत कोंडायचे, उन्हाने ते आटले की मिठाचे खडे धरतात. आता समजा, हेच मीठ कुणी विहिरीच्या पाण्यात विरघळवले, तर समुद्राचे पाणी तयार होईल का? चवीला खारट लागेल खरे. पण त्यात समुद्रातला मासा सोडला तर तो फार काळ तगणार नाही. असे का व्हावे? याचे उत्तर ज्या खटपटीतून हाती आले, तिची हकीकत आज सांगायची आहे.

ही गोष्ट इंग्लंडातली. १८४५ साली तिथे काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली आणि आगगाडीमुळे समुद्रकिनाराही जवळ आला. काचेच्या पेटीत समुद्रातले जीव पाळावेत, अशी हौस लोकांना वाटू लागली. ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळ्याचे जीव लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी रोज उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहावे लागे. हे कंटाळवाणे काम घरची मोलकरीण करी. शास्त्राच्या इतिहासात अशा हातांची नावे सहसा येत नाहीत. पण ते जीव जगले त्यात त्या हातांचा वाटा होता. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले.

पण पाणी आणायचे कुठून? समुद्र दूर. पिंपे भरून पाणी आणायचे म्हणजे खर्च आला, खोळंबा आला. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याने ही हौस सोडूनच द्यायची का?

हा प्रश्न फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने हाती घेतला. एके काळी अमेरिकेत शाळामास्तर म्हणून काम केलेला हा गृहस्थ. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे पृथक्करण श्वाइट्झर नावाच्या रसायनज्ञाने आधीच केले होते. त्यात १००० भाग पाण्यामागे सुमारे ३५ भाग क्षार निघाले. पैकी २७ भाग आपले खाण्याचे मीठ आणि उरलेले ८ भाग मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार.

मिठागराचा उलगडा इथेच होतो, बरं का! पाणी आटताना खाण्याचे मीठ आधी खडे धरते. मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार खाली राहिलेल्या कडवट पाण्यात उरतात. मीठ आपण घरी नेतो आणि समुद्राचा बाकीचा ऐवज मागेच राहतो.

गॉसने एप्रिल १८५४ मध्ये हिशेब करून मिश्रण केले. साडेतीन औंस मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट (औषधाच्या दुकानातले जुलाबाचे मीठ म्हणतात तेच), २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड. पाणी गॅलनभराहून थोडे कमी, म्हणजे सुमारे साडेचार लिटर. चुन्याचे क्षार त्याने घातले नाहीत; ते साध्या पाण्यात थोडेफार असतातच, असा त्याचा विचार. आज जी तयार मिश्रणे मिळतात, त्यांत मात्र तेही मोजून घातलेले असतात.

पाणी तयार झाले, गाळले. पण त्याने लगेच जीव सोडले नाहीत. आधी हिरवे शेवाळ धरलेले दगड ठेवले आणि आठवडाभर वाट पाहिली. शेवाळ पाण्यात रुजले, मगच त्याने समुद्रफुलांसारखे जीव सोडले. शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको. जमिनीचा वाफसा पाहिल्याशिवाय तो तरी कुठे पेरतो?

पण एका किनाऱ्याच्या पाण्याचा हिशेब सगळ्या समुद्रांना लागू पडेल का? ‘चॅलेंजर’ हे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त. पण मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ एकच! आमटीत मसाला चिमूटभर घाला की चमचाभर, मसाल्यातले धने-खोबऱ्याचे प्रमाण बदलत नाही, तसेच हे.

यातून व्यवहाराची एक गोष्ट कळते. पेटीतले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून तूट भरायची ती गोड्या पाण्याने. खारे पाणी घालत गेलात, तर खारटपणा वाढत जाऊन जीव मरतील. शिक्षकमित्रांनी वर्गात थोडे मिठाचे पाणी बशीत आटवून दाखवावे. मुलांच्या ते चटकन ध्यानात येईल.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. गॉसच्या पुस्तकांमुळे हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. खडकांतली जिवंत डबकी त्यांनी ओरबाडून नेली. वडिलांना याची फार खंत वाटली, असे त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. पाणी मोजून-मापून घरी करता आले, जीव मात्र समुद्रातूनच आणावे लागले. ज्याने समुद्रावर प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने किनारे ओस पडले.

तेव्हा मंडळी, काचेच्या पेटीत रंगीत मासा पाहाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. हे पाणी कसे केले? आणि हा मासा कुठून आणला? पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर आपल्या वागणुकीतून द्यायचे आहे.