न्हाणीघरातला पडदा

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात कोणते पर्व सुरू होते, ते परप्रांती नोकरी करणाऱ्या वाचकांना आम्ही काय सांगावे? अशाच एका आवराआवरीत, चौथ्या ट्रंकेला दोर आवळताना, आम्हांला अमेरिकेतील एमा गेटवूड या बाईंचे स्मरण झाले आणि दोर हातात तसाच राहिला.

एमाबाईंचा जन्म 1887 चा, ओहायो राज्यातला. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले, पुढे अकरा मुले झाली. नवरा मारकुटा. मार असह्य झाला की बाई रानात जाऊन बसत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी घटस्फोट मिळवला. पुढे एका मासिकात अ‍ॅपालेशियन पायवाटेवरील लेख त्यांच्या वाचनात आला. जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगरमाथ्यांवरून जाणारी ही वाट तेव्हा सुमारे 2,050 मैलांची होती. 1954 मध्ये त्या उत्तरेकडून निघाल्या. पण वाट चुकली, चष्मा फुटला आणि त्यांना परतावे लागले. 3 मे 1955 रोजी, वयाच्या 67 व्या वर्षी, त्या दक्षिण टोकाकडून पुन्हा निघाल्या. मुलांना सांगितले ते एवढेच, की जरा फिरायला जाते.

बरोबर काय होते? जाड सुती कापडाची, स्वतः शिवलेली, एका खांद्यावर टाकायची थैली. तंबूच्या जागी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. लष्करी कांबळे, पावसाळी कोट, पायांत कॅनव्हासचे साधे जोडे. खायला मनुका, शेंगदाणे आणि थोडे डबाबंद मांस. गारठ्याच्या रात्री दगड शेकोटीत तापवून त्या त्यांवर निजत. हा निव्वळ काटकसरीचा प्रकार आहे, असे आम्हांला वाटत नाही. अकरा मुलांचा संसार हाकलेल्या बाईला प्रत्येक वस्तूची नावापलीकडची कामे ठाऊक असतात. आमच्या आज्यांच्या हाती जुनेऱ्याचे गाळणे होई, झोळी होई, दोरही होई. पडदा पाणी अडवतो. मग ते न्हाणीघरातले की आभाळातले, याची त्याला काय पर्वा?

तथापि या थैलीचे उगाच स्तोत्र गाण्याचेही कारण नाही. बाई कुडकुडल्या, उपाशी राहिल्या, कित्येकदा अनोळखी दारी आसरा मागून राहिल्या. मासिकाने वाट फारच सोपी रंगवली होती, अशी तक्रार त्यांनी उघडपणे केली.

25 सप्टेंबर 1955 रोजी त्या कटाडिन शिखरावर पोहोचल्या. एकटीने, एकाच हंगामात ही वाट पुरी करणारी ती पहिली स्त्री. वृत्तपत्रांनी ‘आजीबाई’ म्हणून त्यांचे कौतुक केले. नवऱ्याच्या माराविषयी मात्र त्या बातमीदारांशी बोलल्या नाहीत. ती कहाणी बेन माँटगोमेरी यांच्या 2014 च्या चरित्राने सर्वांपुढे आली. आम्हांला थैलीपेक्षा हे मौनच अधिक जड वाटते. हलक्या ओझ्याचे शास्त्र पुढे 1992 मध्ये रे जार्डिन यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केले, आणि आता तसल्याच पातळ पडद्यांना दुकानात भारी किंमत पडते. असो.

बाई 1957 मध्ये ती वाट पुन्हा चालल्या. 1959 मध्ये मिसूरीतून पोर्टलंडपर्यंत सुमारे 2,000 मैल गेल्या. आणि 1964 मध्ये, तुकड्यातुकड्यांनी, अ‍ॅपालेशियन वाटेची तिसरी फेरीही पुरी केली.

आमची चौथी ट्रंक आम्ही उघडली. तीत बव्हंशी जुनी वर्तमानपत्रे निघाली.