काशीतील नवखे

काशीत राजघाट आणि राजा घाट ही दोन वेगळी स्थळे आहेत, आणि नावांच्या सारखेपणामुळे नवख्या यात्रेकरूची अनेकदा फसगत होते. राजघाट शहराच्या उत्तर टोकाला, गंगेवरील जुन्या लोहमार्गाच्या पुलाजवळ आहे. राजा घाट दक्षिणेकडे, केदार घाट आणि दशाश्वमेध यांच्या दरम्यान आहे. त्याचे पूर्वीचे नाव अमृतराव घाट. ज्या अमृतरावांवरून हे नाव पडले ते रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र होत. या घाटाच्या पायऱ्यांशी एक मोठा प्रश्न निगडित आहे. परक्या मुलखात गेलेल्या माणसाला त्या मुलखाची रीत खरोखर कळते ती कशाने?

अमृतराव काशीस आले ते केवळ तीर्थवासासाठी नव्हे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरची लढाई जिंकली. दुसऱ्या बाजीरावांनी पुणे सोडले आणि होळकरांनी अमृतरावांच्या हाती कारभार दिला. ३१ डिसेंबरला बाजीरावांनी वसईचा तह केला व इंग्रजी फौजेच्या आधाराने गादी परत मिळविण्याची वाट धरली. पुढील एप्रिलात आर्थर वेलस्ली पुण्यात पोहोचला. तेव्हा अमृतरावांनी ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांशी करार केला. होळकरांची बाजू सोडावी आणि सालिना सात लाख रुपयांची नेमणूक घ्यावी, असा त्याचा मतितार्थ होता. पुढे काशी आणि बुंदेलखंडातील कर्वी ही त्यांच्या कुटुंबाची ठाणी झाली.

काशीची रीत समजून घेणे अमृतरावांना अवघड गेले नाही. या नगरीत येणाऱ्या श्रीमंताने काय करावे हे तिने शतकानुशतके ठरवून ठेवले होते. घाट बांधावा, शिवलिंग स्थापावे आणि अन्नदान करावे. अमृतरावांनी हे सर्व केले. या घाटावरील देवस्थानांत अमृतेश्वर आणि विनायकेश्वर आहेत. पिता-पुत्रांची नावे अशा रीतीने काशीच्या देवमालिकेत ओवली गेली. १८२४ मध्ये काशीस आलेल्या बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने त्यांच्या वार्षिक दानधर्माचे वर्णन करून ठेवले आहे. आपल्या आराध्य दैवताच्या उत्सवाला ते येईल त्या ब्राह्मणास व भिक्षुकास तांदूळ आणि एक रुपया देत. दान घेतलेल्या माणसाने पुन्हा रांगेत येऊ नये, म्हणून त्याला दिवसभर बागेतच थांबावे लागे. दानातही पेशव्यांच्या दप्तराची शिस्त सुटलेली नव्हती. अमृतरावांचे निधनही १८२४ मध्येच झाले.

परंतु अमृतरावांना आणखी एका परक्या समाजाशी व्यवहार करावयाचा होता, आणि तो समाज काशीचा नव्हता. मराठी मनाला वतन ठाऊक होते. बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून दत्तकाकडे चालत जाते ते वतन. कंपनीच्या वहीत मात्र माणसाचे आयुष्य मोजले जाई, घराण्याचे नव्हे. अमृतरावांचे पुत्र विनायकराव १८५३ मध्ये वारले आणि नेमणूक बंद झाली. सत्तावन्नच्या उठावात त्यांचे वारस नारायणराव यांनी कर्वीत काही महिने स्वतंत्र कारभार चालविला. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने लढाईवाचूनच कर्वी घेतली. तळघरात साठविलेले द्रव्य व जडजवाहीर लूट म्हणून मोजले गेले, आणि त्या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनाधिकाऱ्यांतच वाद पेटला. लंडनच्या न्यायालयात त्याचा निकाल १८६६ मध्ये लागला. सुमारे निम्मे शतक हे घराणे इंग्रजांचे पैसे घेत होते, पण इंग्रजांच्या कामकाजात त्याने कधी हात घातला नव्हता. ज्याचे आपण केवळ आश्रित असतो, त्याचे अंतरंग आपल्याला क्वचितच उमगते.

याच काशीत दुसऱ्या प्रकारचे नवखेही येत होते. त्यांच्यापाशी सात लाखांची नेमणूक नव्हती. वऱ्हाडातील एलिचपूरजवळच्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामाहून एक ज्योतिषी घराणे काशीस येऊन स्थायिक झाले होते. त्यातील रंगनाथ यांनी १६०३ मध्ये ‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ग्रंथावर ‘गूढार्थप्रकाशक’ नावाची टीका लिहिली. १८४२ मध्ये बापूदेवशास्त्री काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक म्हणून आले. हेही मराठीच. त्यांचे आरंभीचे शिक्षण नागपुरास झाले आणि नंतर सिहोर येथील इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन याने त्यांना जवळ केले होते. सिद्धान्तग्रंथ आणि युरोपीय गणित या दोहोंत त्यांची गती समान होती.

याच पाठशाळेत १८५० मध्ये फिट्झएडवर्ड हॉल नावाचा एक तरुण अध्यापक दाखल झाला. तो अमेरिकन होता. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या गावी १८२५ मध्ये जन्मलेला हा हार्वर्डचा विद्यार्थी घरातून निघून गेलेल्या भावाच्या शोधात १८४६ मध्ये जहाजावर चढला. गंगेच्या मुखाशी जहाज फुटले आणि तो कलकत्त्यास राहिला. तेथे त्याने हिंदुस्थानी, बंगाली व संस्कृत या भाषांचा अभ्यास केला. काशीला प्रेक्षणीय स्थळ मानून लिहिणारे पाश्चात्त्य प्रवासी पुष्कळ झाले. त्यांतील बहुतेकांनी होडीतून घाट पाहिले आणि ते परतले. हॉल मात्र शास्त्र्यांच्या शेजारी बसून पोथ्यांचे पाठ लावू लागला. रंगनाथी टीकेसह ‘सूर्यसिद्धान्त’ १८५९ मध्ये कलकत्त्यास छापून पूर्ण झाला, तेव्हा संपादक म्हणून हॉलचे आणि साहाय्यक म्हणून बापूदेवशास्त्र्यांचे नाव त्यावर होते. अशा रीतीने वऱ्हाडी घराण्यातील टीकाकार, मराठी शास्त्री आणि अमेरिकन संपादक हे काशीतील तीन नवखे एका पोथीपाशी एकत्र आले.

योगायोग येथेच संपत नाही. एबेनेझर बर्जेस हा दुसरा अमेरिकन १८३९ मध्ये मिशनरी म्हणून महाराष्ट्रात आला होता. शाळांसाठी मराठीत खगोलाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले. मुलांना समजेल असे लिहावयाचे तर त्यांच्या वडीलधाऱ्यांचे ज्योतिष आधी समजून घ्यावे लागले. त्यातून तो ‘सूर्यसिद्धान्ता’कडे वळला. मायदेशी परतल्यावर, १८६० मध्ये, व्हिटनी या संस्कृत पंडिताच्या साहाय्याने त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १८६१ मध्ये बापूदेवशास्त्र्यांनी स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास निघाले. शिकवावयास आलेला मिशनरी आधी शिकला, आणि पाठशाळेतील शास्त्री परभाषेत आपल्या शास्त्राचा अर्थ सांगू लागला.

पुढे उलट दिशेने प्रवास झाला. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. त्यांना हिंदुस्थानातील विधवांसाठी शाळा काढावयाची होती आणि तिच्यासाठी साहाय्य मिळवावयाचे होते. त्या कामासाठी त्यांना सभा, संस्था, शाळा व घरे जवळून पाहावी लागली. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या ग्रंथात तेथील राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण आणि स्त्रियांच्या संस्था यांचा विचार आहे. निळ्या डोळ्यांचे किंवा उंच इमारतींचे कौतुक करून त्यांचे काम भागणारे नव्हते. अमेरिकन स्त्रिया वर्गणी कशी जमवितात, सभा कशी चालवितात आणि हिशेब कसा ठेवतात, हे जाणून घेणे त्यांना आवश्यक होते. म्हणूनच त्यांचे लेखन मराठी वाचकाला नुसत्या प्रवासवर्णनापेक्षा अधिक काही देते.

आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस जाणारा मराठी तरुण तेथील चालीरीतींची माहिती निघण्यापूर्वीच मिळवितो. हात कसा मिळवावा, वेळ कशी पाळावी, आभार कधी मानावेत, हे सर्व उपयोगी आहे आणि लवकर अंगवळणीही पडते. अमृतरावांनाही काशीची रीत अशीच लवकर साधली होती. पण रीत साधणे आणि समाज कळणे यांत अंतर आहे. तेथील एखाद्या कामात तेथल्या माणसांच्या बरोबरीने बसावे, चुकले तर त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे आणि आपल्यापाशी असलेले त्यांच्या भाषेत मांडावे, तेव्हा हे अंतर तुटू लागते.

राजा घाटाच्या पायऱ्या अजूनही लोकांच्या वापरात आहेत. स्नानास येणाऱ्या कित्येकांना तो बांधविणाऱ्याचे नावही ठाऊक नसेल. एका परक्याचे दान या नगरीने इतके आपलेसे करून टाकले आहे. त्याच नगरीत दोन परक्यांनी मिळून शुद्ध केलेली पोथीही ज्योतिषाच्या अभ्यासकाला आजवर उपयोगी पडते आहे, आणि तिच्यावर त्या दोघांचीही नावे आहेत.