गोल गालावरचा डोळा

तेलंगणातल्या नेरडीगोंड्याहून हैदराबादच्या दिशेने निघालं की रस्ता महबूब घाट उतरतो आणि निर्मल येतं. निर्मल म्हणजे लाकडी खेळणी: हरणं, मोर, वाघ आणि खरी वाटावीत अशी फळं. याच रस्त्यावरच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या गाड्या आणि बाहुल्याही लटकलेल्या असतात. दोन्ही खेळणी हातात घेऊन त्यांचे डोळे पाहावेत. हरणाचा डोळा कुंचल्याने काढलेला असतो. बाहुलीची पापणी मात्र छापलेली, आणि तीही फुगीर गालाच्या वर, नेमक्या जागी. सपाट कागद गोल गालावर चिकटवायला गेलं तर चुण्या पडतात. मग ही छपाई गालावर चढली कशी?

आधी निर्मलची रीत पाहू. खेळण्याला पोनिकी नावाचं हलकं, मऊ लाकूड लागतं. धड, पाय, शिंगं असे भाग वेगवेगळे कोरतात आणि चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून जोडतात. त्याच लगद्याने सांधे बुजवतात, घासून अंग गुळगुळीत करतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात आणि मग रंग चढवतात. ही कला नकाश कारागिरांची. सतराव्या शतकातल्या निम्मा नायडू या सरदाराने त्यांना आश्रय दिला, अशी आख्यायिका आहे. 1955 साली कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. या सगळ्यात वळणावळणाच्या अंगावर रेघ नेमकी बसवण्याचं काम बोटं करतात. उंचवटा आला की कुंचल्यावरचा दाब ती आपोआप कमी करतात.

पेणच्या गणपतींचंही तसंच. साच्यातून एकासारख्या एक शंभर मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते आणि ती ज्याच्या-त्याच्या हाती दिली जात नाही. शरीर साच्याने घडवता येतं, नजर घडवता येत नाही, ही अडचण जगभरच्या कारखानदारांपुढे होती.

तिच्यावरचा पहिला मोठा तोडगा इंग्लंडमधल्या चिनी मातीच्या धंद्यात निघाला. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 साली प्रतिज्ञापत्र करून सांगितलं, की आपण सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्या. फरशी सपाट असल्याने काम सोपं होतं. खरी परीक्षा कपाच्या पोटाशी होती. तिथे सरसाचा लवचीक पातळ पापुद्रा कामी आला. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरचं तेलातलं चित्र हा पापुद्रा उचलायचा, कपाच्या वळणावर दाबला की ते तिथे सोडायचा आणि मग त्यावर रंगाची पूड भुरभुरायची. पुढच्या सगळ्या युक्त्यांचं बीज इथे आहे: चित्र आधी मऊ वस्तूवर घ्यायचं आणि मग ते कठीण वस्तूवर सोडायचं.

पत्र्याच्या खेळण्यांनी उलटी वाट धरली. लंडनच्या रॉबर्ट बार्कलेने 1875 साली पत्र्यावर छपाई करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. शाई चित्र काढलेल्या दगडावरून थेट पत्र्यावर जात नसे, ती मधल्या रुळावरून जाई. खेळणी बनवणारे पत्रा सपाट असतानाच त्यावर खिडक्या, चाकं, ड्रायव्हरचं तोंड छापत आणि मग दाबून आकार देत. प्लॅस्टिक आणि ओतीव धातूला ही सोय नव्हती. खेळणं साच्यातून आकार घेऊनच बाहेर पडतं, त्यामुळे रंगकामाची वेळ नंतरच येते. मग स्टिकर चिकटवा, रंग फवारा, नाहीतर हाताने भरा.

साठच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत विल्फ्रीड फिलिप यांनी सिलिकॉन रबराचा पॅड वापरणारं यंत्र रुळवलं. घड्याळांच्या तबकड्यांवर जिलेटिनच्या मऊ गोळ्याने आकडे उमटवायची स्विस रीत त्याआधीची. सिलिकॉन अधिक टिकाऊ निघालं. या यंत्राचं काम डोळ्यांपुढे आणा. पोलादी प्लेटवर चित्र केसाहूनही उथळ कोरलेलं असतं. वर शाई पसरते, पातं जादा शाई खरवडून नेतं आणि ती फक्त कोरलेल्या खाचेत उरते. क्षणात वरचा द्राव उडतो, शाई चिकट होते. घुमटासारखा पॅड तिच्यावर टेकतो आणि ती उचलतो. वाटेत शाईची दुसरी बाजूही हवेने चिकट होते. पॅड खेळण्यावर दबला की शाई त्याला सोडते आणि प्लॅस्टिकला धरते. पॅडचं टोक आधी टेकतं आणि कडा मागाहून, त्यामुळे मधली हवा बाहेर निघून जाते. खेळणं हलू नये म्हणून त्याच्या मापाचा साचा खाली घट्ट बसवलेला असतो. दाबाखाली पॅड पसरतो, तसं चित्रही ताणलं जातं. म्हणून प्लेटवरचा डोळा मुद्दाम किंचित वाकडा काढतात, तेव्हा कुठे गालावरचा सरळ दिसतो. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते आणि चार रंगांची कड जुळवणं हेच मुख्य कसब.

1974 साली हॉट व्हील्सच्या चिमुकल्या गाड्यांवर या छपाईची मालिका आली. 1978 साली लेगोच्या माणसाला दोन ठिपक्यांचे डोळे आणि हसू मिळालं. चेहराही आता यंत्राने उमटू लागला.

सरसाचा पापुद्रा, जिलेटिन, सिलिकॉन: तिन्हींनी बोटाच्या मऊपणाचीच नक्कल केली. यंत्राने हात हटवला तो हातासारखा मऊ होऊनच.

रंग अंगावर बसला, तरी तो अंगावरच राहतो का, हा प्रश्न उरतोच. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे आणि रंगातून सुटणारे जड धातूही त्यात तपासले जातात. नोंदणीकृत हस्तकारागिरांची आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी मात्र या सक्तीतून वगळली आहेत. ही सवलत योग्यच आहे, पण तिने चौकशीची जबाबदारी आपल्याकडे येते. घरात दातांनी कुरतडणारं लेकरू असेल, तर निर्मलचं हरीण घेताना डोळा जरूर पाहा, आणि रंग कोणता वापरलाय तेही विचारा.