श्वासाचा हिशेब

श्वासातला प्राणवायू रक्तात जातो कसा? प्रश्न साधा; पण त्यावरून डेन्मार्कमध्ये गुरू-शिष्यांत मतभेद झाला. कोपनहेगनचे प्राध्यापक क्रिस्टियन बोर म्हणत, फुप्फुस स्वतः जोर लावून प्राणवायू रक्तात ढकलते. त्यांचे शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांनी १९१० साली दाखवून दिले, की ढकलावे लागत नाही. दाटीकडून विरळ जागेकडे वायू आपोआप झिरपतो, आणि तेवढे पुरते.

पण झिरपतो किती? १९१५ साली मारीबाईंनी ते मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे बंद खोलीतल्या शेगडीचा जीवघेणा वायू. तोच अगदी लेशमात्र श्वासातून घ्यायचा, श्वास रोखायचा, मग सोडायचा. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला घट्ट धरते. म्हणून बाहेर किती कमी आला, त्यावरून हिशेब लागतो. १९५७ साली अमेरिकेत या रीतीला शिस्त लागली. आज श्वास सुमारे १० सेकंद रोखतात.

आता आकडा वाचायचा कसा, ते पाहा. हवेच्या पिशव्या झिजल्या किंवा त्यांचा पडदा जाड झाला, की आकडा उतरतो. पण हिमोग्लोबिन कमी असले तरीही तो उतरतो, अन् आपल्याकडे पंडुरोग काही थोडा नाही. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात तर हा वायू आधीच बसलेला असतो. तेव्हा आकडा कमी दिसला, की फुप्फुसाला दोष देण्याआधी रक्त तपासलेले आहे ना, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.